परिशिष्ट 'ड'मधल्या सात पेट्या

सहकारी संस्थेचा वार्षिक अहवाल पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारी मिरजेत आता मी एकटीच उरले असेन. बाकीचे सभासद चेअरमनचा फोटो बघतात, श्रद्धांजलीच्या यादीत कोणी ओळखीचं आहे का ते पाहतात, आणि मग तो अहवाल फडताळात खाली अंथरायला जातो. मी ठरावसुद्धा वाचते. त्र्याऐंशीव्या वर्षी वेळ भरपूर असतो, आणि मोतीबिंदू काढल्यापासून बारीक अक्षरही दिसतं.

२०४३ सालच्या अहवालात विषय क्रमांक नऊ असा होता : 'पेढीतील वापराची नोंद संशोधनासाठी एका विमा कंपनीस देणेबाबत विचार करणे.' त्याखाली लिहिलं होतं, 'सदर नोंदीत कोणाचेही नाव अथवा मजकूर नाही. सभासदांच्या खात्रीसाठी आपल्या शाखेची तीन महिन्यांची नोंद परिशिष्ट 'ड'मध्ये छापली आहे.'

एकशे चाळीस पानं, नुसते आकडे. पारदर्शक कारभार हे आमचे चेअरमन बाळगोंडा चौगुले यांचं ब्रीद, आणि तो अहवाल घरोघर स्वतः वाटायला येतो.

"काय अक्का, बरं हाय न्हवं?" दारातूनच त्यानं विचारलं. "या साली जाड झालाय बघा. उशाला घ्या."

"एवढं काय छापलंस?"

"कोण म्हणायला नको, बाळगोंडानं काय लपवलं म्हणून!"

आमची ही कुलूपपेढी म्हणजे पतपेढीसारखीच सभासदांची संस्था, फक्त इथे पैसे नाही, कागद ठेवतात. मोठमोठ्या कंपन्यांच्या क्लाउडवर ठेवलेले लोकांचे कागद वारंवार बाहेर पडू लागले, तेव्हा दहा वर्षांपूर्वी इथल्या लोकांनी दूधसंघ काढावा तशी ही पेढी काढली. दवाखान्याचे रिपोर्ट, जमिनीचे उतारे, पत्रं, फोटो, आवाज, सगळं कुलूपबंद. प्रत्येक वस्तूची एक पेटी. किल्ली सभासदाच्या फोनमध्ये, पेढीकडे नाही.

पेढीची शोधयंत्रणा माझ्या नातीनं बांधली. चारुता सहा वर्षांची असताना तिचा बाप, माझा श्रेयांस, रस्त्यावरच्या अपघातात गेला. तिची आई जयसिंगपूरला शाळेत नोकरी करते, आणि चारुता कॉलेजपासून माझ्याकडेच आहे. ही यंत्रणा तिनं मला स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून समजावून सांगितली होती.

"समज, तुझे सगळे कागद तू कुलूप लावून परक्याच्या घरी ठेवलेस."

"मी कशाला ठेवीन?"

"आजी, समज म्हटलं ना! आता तुला त्यातला एक कागद हवाय. पूर्वी काय व्हायचं, शोधायचं म्हणजे आधी कुलूप काढून त्या परक्याला सगळं दाखवावं लागायचं. नाहीतर सगळी गाठोडी घरी आणा, आणि मग शोधा."

"आणि आता?"

"आता तू 'रक्त' शब्द टाकलास की तुझ्या फोनमधली किल्ली त्या शब्दाचा एक अर्थहीन आकडा करते. पेढीतल्या यंत्राकडे असल्याच आकड्यांची सूची असते. ते जुळवतं, सापडलेल्या पेट्यांची यादी देतं आणि तू मागशील ती पेटी, कुलपासकट, तुला पाठवतं. कुलूप उघडतं ते तुझ्या हातात. यंत्राला तू काय शोधलंस ते कळत नाही, काय मिळालं तेही कळत नाही. आंधळा कारकून, पण एका सेकंदात काम करणारा."

मला तिचा अभिमान वाटला होता. अजूनही वाटतो. पण परिशिष्ट ड उघडलं आणि पहिल्याच पानावर माझे हात थांबले. डावीकडे तारीख आणि वेळ, मग सभासदाचं बदललेलं चिन्ह, मग पेटीचं बदललेलं चिन्ह, शेवटी 'जमा', 'शोध' किंवा 'उघड', म्हणजे पेटी उघडायला मागवली. हे कागद मी ओळखत होते. मी असलेच कागद दहा वर्षं भरले होते.

१९८० साली मी इथल्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर म्हणून लागले. कानाला हेडफोन, समोर भोकांचा बोर्ड, हातात दोऱ्या. गावातून कोणी परगावचा कॉल बुक केला की आम्ही तिकीट लिहायचो : कोणत्या नंबरवरून, कोणत्या नंबरला, किती वाजता, किती मिनिटं. बोलणं ऐकायला सक्त मनाई होती, आणि मी खरोखरच ऐकत नसे. ऐकायची गरजच नव्हती. कोणाच्या मुलीचं जमतंय, कोणाचे भाऊ वेगळे होताहेत, कोणाच्या घरी शेवटचं आजारपण आहे, हे तिकिटांवरून समजायचं. एका घरातून एकाच दुपारी सोलापूर, निपाणी, पुणे असे चार अर्जंट कॉल लागले की संध्याकाळी मी आईला सांगायची, त्यांच्याकडे कोणीतरी गेलं. कधी चुकत नसे.

एकदा चुकले. मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या सुलोचना शेडबाळे नावाच्या बाई होत्या, साखरपुडा झालेल्या. दर बुधवारी चार वाजता त्या बेळगावच्या एका नंबरला कॉल लावायच्या, तीन मिनिटं. तो संपला की लगेच निपाणीला, बहिणीकडे. मी चोवीस वर्षांची, डोक्यात नको ते. मावशीशी बोलता बोलता म्हटलं, "बाईंचं बेळगावला काहीतरी आहे." पंधरा दिवसांत साखरपुडा मोडला. नंतर कळलं, तो नंबर मनाच्या आजारांच्या डॉक्टरचा होता आणि त्यांचा धाकटा भाऊ तिथे दाखल होता. मी जो भेटेल त्याला शपथेवर सांगत सुटले की मी एक शब्दही ऐकलेला नाही. गाव सोडताना बाई एक्स्चेंजच्या खिडकीशी आल्या आणि म्हणाल्या, "ऐकलं असतंस तर बरं झालं असतं गं. निदान खरं तरी कळलं असतं."

हे आठवून तरी परिशिष्ट ड मिटून ठेवायला हवं होतं. पण मी चहा केला आणि वाचायला बसले.

आधी मी स्वतःला शोधलं. रोज पहाटे पाच चाळीसला एक सभासद एक शोध घेतो, त्याला सात पेट्या मिळतात, त्यातली एकच पेटी तो उघडतो. रोज तीच. बारा ते पंधरा मे फक्त नाही. त्या चार दिवसांत माझ्या डोळ्यांवर पट्टी होती. ती मीच. मी शोधते ते नाव माझ्या नवऱ्याचं, आणि उघडते ती पेटी त्याच्या आवाजाची. तो गणिताचा मास्तर होता. श्रेयांसला पाढे पाठ व्हावेत म्हणून त्यानं पावकी, निमकी, दीडकी कॅसेटवर म्हणून ठेवली होती. आंघोळ झाली की मी ती ऐकते.

बाकीच्या सहा पेट्या त्याच्या आजारपणाच्या. सेहेचाळिसाव्या वर्षी त्याचे हात आपोआप हलायला लागले. खडू धरवेना, मग चालताना पाय भलतीकडे पडायला लागले, मग बोलणं गेलं, शेवटी तर माणूस ओळखेना. एकोणसाठाव्या वर्षी तो सुटला. हंटिंग्टनचा आजार. रक्तातून येतो. आईबापांपैकी एकाला असला तर मुलाला व्हायची शक्यता निम्मी, आणि चाळिशीच्या आसपास येईपर्यंत बहुतेकांच्या अंगावर काही दिसत नाही. श्रेयांस चौतिसाव्या वर्षी गेला. त्याला तो होता की नव्हता हे कोणालाच माहीत नाही. म्हणजे चारुताला चारांत एक.

या पेट्या उघडायचा हक्क दोघींनाच, मला आणि तिला.

म्हणून दर रविवारी अकराच्या सुमाराला दुसऱ्याच चिन्हाचा एक सभासद त्या सात पेट्यांपैकी एक उघडत होता, तेव्हा ते कोण हे शोधावं लागलं नाही. रविवारी अकराला चारुता 'मीटिंग आहे' म्हणून गच्चीवरच्या खोलीत जाते. त्या पेटीनंतर ती आणखी एक शोध घ्यायची. मिळणारी पेटी नेहमी तीच, सोळा एप्रिलला जमा झालेली. रिपोर्ट लॅबच थेट जमा करते, आणि ही पेटी जमा करणाऱ्या चिन्हाच्या तीन महिन्यांत जेमतेम चार नोंदी होत्या. रोजच्या रक्त-लघवीच्या लॅबच्या पन्नास-साठ असतात. ही कोणती तरी लांबची, वेगळ्या तपासणीची लॅब. आणि मार्चअखेर चारुता मैत्रिणीच्या लग्नाला म्हणून दोन दिवस बेंगळुरूला गेली होती.

त्या पेटीपुढे अकरा रविवार 'शोध' असंच होतं. 'उघड' एकदाही नव्हतं.

पोरगी अकरा वेळा दारापर्यंत जाऊन परत आली होती. वरच्या खोलीतून उतरून माझ्याबरोबर जेवत होती, आमटीत मीठ कमी आहे म्हणत होती.

पुढच्या रविवारी ती बारा वाजता खाली आली तेव्हा मी टेबलावर परिशिष्ट उघडं ठेवलं होतं.

"तुझी यंत्रणा गळते," मी म्हटलं.

"कोण म्हणतं?"

"मी."

ती हसली. "आजी, फोन अडकला की तू मला हाक मारतेस."

मी तिला पाच चाळीसची ओळ दाखवली, चार दिवसांची रिकामी जागा दाखवली. तिनं पान उलटसुलट केलं.

"हे तू स्वतःला ओळखलंस. स्वतःला कोणीही ओळखेल. कोणता आकडा पुन्हा आला, कोणती पेटी हलली, हे यंत्राला दिसतं हे आम्हाला ठाऊक आहे गं. म्हणून तर चिन्हं बदलली. त्यातून माणूस शोधायचा तर बाहेरची माहिती लागते."

"बाहेरची माहिती म्हणजे काय? गावात राहणं. कोणाचं ऑपरेशन कधी, कोण कुठे गेलं. आणि विमा कंपनीला तर प्रत्येक दवाखान्याची तारीख माहीत."

"बरं, मग आणखी एखाद्याला ओळखून दाखव."

मी परिशिष्ट मिटलं. ती आमटी वाढून घेत होती, तिनं पळी खाली ठेवली.

"आजी. कोणाला ओळखलंस?"

"बेंगळुरूला लग्न नव्हतं," मी म्हटलं.

ती बसली.

"पेटीत काय आहे ते मला माहीत नाही. तुलाही नाही, हे मात्र कळलं. अकरा रविवार."

"तू वाचायलाच नको होतंस!" ती ओरडली. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर ओरडली. "माझं होतं ते! आईलासुद्धा सांगितलेलं नाही मी."

"नको होतं वाचायला. पण दिसलं, आणि दिसल्यावर मला थांबता आलं नाही. लहानपणची खोड नाही ती, नोकरीची खोड आहे."

मग ती हळू आवाजात म्हणाली, "मला ते बघायचंय की नाही हेच मी अजून ठरवलेलं नाही. दर रविवारी आजोबांचा रिपोर्ट वाचते, पुन्हा वाचते, आणि मग वाटतं, न कळता जगता येतंय ना? जगू दे. आणि माझ्याआधी एखादी कंपनी ठरवणार, की हिच्या घरात हे आहे, ही घाबरलेली आहे, हिला दूर ठेवा."

"आणि कदाचित तुझ्या पेटीत सगळं बरं असेल. त्यांना ते कळणारच नाही. त्यांना फक्त तू घाबरलीस एवढं कळेल." मी तिला शेडबाळे बाईंची गोष्ट सांगितली. घरात ती मी कोणालाच सांगितलेली नव्हती.

ती ऐकत राहिली. मग जेवण तसंच ठेवून कागद घेतला आणि चौकोन काढायला लागली. "उपाय आहे. जुनाच आहे. तू एक पेटी मागितलीस तरी यंत्रानं शंभर हलवायच्या, खऱ्या, खोट्या, सगळ्या मिसळून. प्रत्येक वेळी सगळ्यांची कुलपं बदलायची आणि जागाही. आज तुझी पेटी इथे, उद्या भलतीकडेच. आणि कोणी काही मागत नसलं तरी यंत्रानं दिवसभर असल्या खोट्या फेऱ्या मारत राहायचं. पाहणाऱ्याला सगळे सभासद सारखेच दिसतात."

"मग केलं का नाहीस?"

"एका सेकंदाचे चाळीस सेकंद होतात. लोकांना थांबवत नाही, आजी." तिनं चौकोनावर चौकोन गिरवला. "आणि मला माझा एक सेकंद फार आवडला होता."

सभा सप्टेंबरात एका मंगल कार्यालयात झाली. पहिले आठ विषय 'मंजूर, मंजूर' म्हणून अर्ध्या तासात संपले. नवव्याला मी हात वर केला.

"अक्का, बसूनच बोला," बाळगोंडा माइकवरून म्हणाला. "काय अडचण हाय?"

"अडचण परिशिष्टात आहे. त्यातून माणसं ओळखू येतात."

"त्या आकड्यांतनं? पंचांग हाय काय ते अक्का?" सभा हसली. मीही हसले.

"पान चौसष्ट काढा. पहाटे पाच चाळीसवाला सभासद बघा. रोज एकच पेटी उघडतो. बारा ते पंधरा मे मात्र नाही. बारा मेला या शाखेत डोळ्याचं ऑपरेशन कोणाचं झालं?"

"तुमचंच की!" मागून कोणीतरी म्हणालं. "मी डबा घेऊन आलो होतो न्हवं."

"त्या पेटीत माझ्या मालकांचा आवाज आहे. त्यांना जाऊन तीस वर्षं झाली. मी तो रोज ऐकते हे माझ्या नातीशिवाय कोणाला माहीत नव्हतं. आता तुम्हा सगळ्यांना माहीत झालं, आणि मी एक अक्षरही उघडून वाचलेलं नाही." मी पान उलटलं. "आता पुढचं वाचू? पान सत्तर. दर गुरुवारी दुपारी..."

"नको, नको!" तीनचार खुर्च्या एकदम सरकल्या. "बसा अक्का, कळलं."

बाळगोंडानं पाण्याचा पेला उचलला आणि माइकसमोर धरून पिऊन टाकला. पान सत्तरवर कोण आहे ते मला माहीत होतं, पण ते मी कधीच वाचणार नव्हते. ते तो सभासद सोडून कोणाला कळायचं कारण नाही.

मग चारुता उठली. "ही यंत्रणा मी बांधली. यातली चूक माझी आहे. मला धोका माहीत होता, पण गाव इतकं लक्षात ठेवतं हे माहीत नव्हतं. नोंद कोणालाही देऊ नका, आणि मला यंत्रणा बदलू द्या. शोध हळू होईल." आपल्याबद्दल ती काही बोलली नाही. बोलायचं नाही हे आमचं ठरलं होतं.

डॉक्टर फरीदा मुजावर लगेच उभ्या राहिल्या. "चाळीस सेकंद? माझ्यासमोर पेशंटला झटका येतोय आणि मी आकडे मोजत बसू? पद्माक्का, तुमचा आवाज थांबेल. माणूस थांबत नाही."

ते खोटं नव्हतं. त्याचं पूर्ण उत्तर आमच्याकडे नव्हतं, आजही नाही. शेवटी असं ठरलं की रक्तगट, चालू औषधं आणि कशाची ॲलर्जी आहे एवढी एक चिठ्ठी ज्याच्या त्याच्या फोनमध्येच राहील, ती शोधावी लागणार नाही, आणि बाकी सगळं हळू चालेल. डॉक्टरबाईंचं समाधान झालं नाही. त्यांनी विरोधात हात वर केला. विमा कंपनीचा विषय आवाजी मतानं पडला. यंत्रणा बदलायचा ठराव फक्त पाच हातांनी पुढे राहिला.

"अक्का," बाहेर चप्पल घालताना बाळगोंडा हळूच म्हणाला, "ते सत्तर नंबरचं पान..."

"कोणतं?" मी म्हटलं.

चारुताला नवी यंत्रणा बांधायला चार महिने लागले. या काळात ती रविवारी गच्चीवर गेली नाही. मी काही विचारलं नाही, तिनंही काही काढलं नाही. पण आमच्यात काहीतरी अवघडलेलं राहिलं. मी तिच्याकडे नुसतं बघितलं तरी ती मान फिरवायची. मला तिची बातमी नको होती. तिची ती भीती जायला हवी होती, की आजी सगळं ओळखते.

जानेवारी संपता संपता नवी यंत्रणा सुरू झाली. पहाटेचा पाढा आता पाच चाळीसला मागितला की जरा वेळानं येतो. मार्चमधल्या एका रविवारी तिनं माझ्यासमोर कागदांचा गठ्ठा ठेवला. पाच आठवड्यांची नवी नोंद, तशीच, त्याच शाखेची.

"वाच."

"कशाला?"

"तुझ्याएवढा परीक्षक मला मिळणार नाही. पहिल्यांदा वाचलं होतंस तसंच वाच. सगळी खोड लाव."

मी सकाळी आठला बसले. आधी स्वतःला शोधलं. पाच चाळीसला शाखेतले सगळे एकशे दहा सभासद जागे होते. दुपारी तीनला होते, रविवारी अकराला होते. प्रत्येकानं प्रत्येक वेळी तेवढ्याच पेट्या हलवल्या होत्या, आणि एकही पेटी दुसऱ्यांदा त्याच जागी नव्हती. 'शोध' आणि 'उघड' हा फरकच उरला नव्हता. एक दिवस मी दात काढायला सांगलीला गेले होते, त्या दिवशीही माझं चिन्ह पाढा ऐकत होतं किंवा नव्हतं, काय माहीत. चाळीस पानं झाली, साठ झाली. मला मीच सापडले नाही.

बाराला चारुता समोर येऊन बसली. हाताची बोटं तिनं एकमेकांत घट्ट अडकवली होती.

"आता सांग. या पाच आठवड्यांत मी ती पेटी उघडली का?"

मी पुन्हा पानं चाळली. तिच्या चेहऱ्याकडे मुद्दाम बघितलं नाही. चेहरा वाचणं ही चोरी झाली असती.

"नाही कळत," मी म्हटलं.

"खरंच?"

"खरंच नाही कळत गं. उघडली असशील, नसशील. मला काहीच दिसत नाही."

तिनं जो श्वास सोडला, तो बहुधा एप्रिलपासून धरून ठेवलेला होता. ती उठली, गठ्ठा उचलून बाजूच्या स्टुलावर ठेवला आणि खुर्ची ओढून माझ्या अगदी जवळ घेतली.

"मग आता मी सांगते," ती म्हणाली.

ही गोष्ट मी तिला विचारून, गाव सोडून बाकी नावं बदलून लिहिली आहे. कुठपर्यंत लिहायचं तेही तिनंच सांगितलं, आणि ते इथपर्यंतच. त्या दिवशी आमचं जेवण व्हायला दुपारचे चार वाजले.